आवाज बार्शीच्या पुढं जात नाही

येरमाळा
११ जानेवारी

चि. अर्पिता,

…आणि पहिली भाकरी तव्यावर टाकून मी दुसरी थापायला घेतली, तेवढ्यात तुझे अण्णा आतून ओरडले, "अगं ए, थापणं बंद कर! कळंबच्या गाडीत भाकरी यायला लागली."

त्या सकाळचं मला सगळं आठवतं, आणि आठवण्यासारखं त्यात काही नव्हतं. नळाला पाणी आलं म्हणून आधी हंडे भरले. अंगण झाडून सडा टाकला. कुरडयांसाठी भिजत घातलेल्या गव्हाचं पाणी बदललं, त्याचा आंबूस वास हाताला लागला तो राखेनं धुतला. वरण शिजत लावलं आणि भाकरीला बसले. एवढंच. अण्णा ओरडल्यावर मी गोळा परातीत तसाच ठेवून गप्प बसले. आतून त्यांचा स्टँडवरचा आवाज येत होता, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं," आणि मी हाताला वाळलेलं पीठ खरवडत ऐकत होते. यात्रेत दरवर्षी एसटी स्टँडवर गाड्या पुकारून पुकारून त्यांचा घसा बसायचा, म्हणून त्या वर्षी सगळ्या गाड्यांच्या सूचना घरीच कॉम्प्युटरवर बोलून ठेवायचं त्यांनी ठरवलं होतं. "आवंदा येडाईच्या यात्रेत कंट्रोलर खुर्चीत बसून चहा पिणार," म्हणाले. चैत्रात तो चहा ते प्यायले. आषाढात गेले.

त्या सकाळी पुढं ते काय बोलले ते मी ऐकलं नाही. तव्यावरची भाकरी करपली होती, ती गायीला घालायला मी बाहेर गेले.

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते असं समजू नकोस. फोनवर तू "बोल" म्हणतेस आणि मला काही सुचत नाही. कागदाचं तसं नाही. कागद थांबतो.

विचारायचं हे आहे. कॉम्प्युटर चालता चालता बंद पडतो. लाईट जाते तसं नाही. वरचा पंखा फिरत असतो, दिवा चालू असतो, आणि हा एकटाच विझतो. बटण दाबलं तर कधी लागतो, कधी लागत नाही. थोडा वेळ तसाच ठेवला की लागतो. मग मी अण्णांचं बोलणं लावते. कळंबची गाडी होते. येडशीची होते. त्यानंतरच्या गाडीला ते "उस्मानाबाद" म्हणून जातात आणि स्वतःलाच रागावतात, "धाराशिव म्हण की रे बाबा, धाराशिव." मग बार्शीची सुरू होते आणि काळोख. बार्शीच्या पुढं मी एकदाही गेले नाही. दिवाळीपासून हे चाललं आहे.

स्टँडवर लावलेलं ते वेगळं होतं, त्यातला खोकला आणि चुका त्यांनी काढून टाकल्या होत्या. त्यावर आता नव्या कंट्रोलरचा आवाज भरला आहे. हे कच्चं तेवढं घरात उरलं.

कळंबचा कॉम्प्युटरवाला इंद्रजित येऊन गेला. त्यानं चपला दारात काढल्या, अण्णांच्या फोटोला हात जोडले, मागची वायर बदलली आणि म्हणाला, "काकू, व्होल्टेज खालीवर होतंय. तुमच्या गावची लाईटच तसली." चालू करताना पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी आल्या. मी विचारलं, हे काय म्हणतंय? "ते न्हेमीचंच असतंय," म्हणाला आणि एक बटण दाबून पुढं गेला. तो दारातून बाहेर पडला, मी त्याचा कप विसळून आले, तर बंद.

जागा तीच आहे, खिडकीजवळचं टेबल. मी स्वच्छ ठेवते. धुळीचा कण बसू देत नाही.

तू कॉलेजात असताना अण्णांबरोबर जमिनीवर सगळे भाग पसरून तो डबा जोडला होतास. त्याच्या पोटात काय आहे ते तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. काय करावं ते कळव. दुसरं काही मागत नाही.

तुझी आई


३० जानेवारी

चि. अर्पिता,

तुझा कागद मिळाला. छापलेला आहे. वर माझं नाव नाही, खाली तुझं नाही, नुसते प्रश्न. पाकिटावरचा पत्ता मात्र हातानं लिहिला आहेस. उत्तरं देते.

किती वेळानं बंद पडतो? कधी लवकर, कधी त्याहून लवकर.

बंद पडण्याआधी आवाज येतो का? येतो. आतला पंखा घाट चढणाऱ्या एसटीसारखा घोंघावतो. मला वाटायचं, जोर लावतोय बिचारा.

डबा हाताला गरम लागतो का? लागतो. चालणारी वस्तू गरम असायचीच, असं मी धरून चालले होते.

भोवती मोकळी जागा आहे का, वर काही झाकलंय का? जागा आहे.

तुझा कागद यायच्या आधी मी तो कळंबला घेऊन गेले होते. गाडीत पंचाक्षरी कंडक्टर होता. मी डबा मांडीवर घेऊन बसले तर म्हणाला, "वहिनी, साहेबांची वस्तू अशी धरून बसू नका, पाय जातील तुमचे." स्वतःच्या सीटवर ठेवला आणि कळंबपर्यंत तो उभा राहिला. इंद्रजितच्या दुकानात मात्र तो बंद पडला नाही. दिवसभर चालला, दुसऱ्या दिवशीही चालला. मी म्हटलं, उघडून तरी बघ. तर म्हणाला, "चालतंय ते उघडू नये, काकू." घरी आणला, जागेवर ठेवला, नेहमीसारखं सगळं केलं. लावला. येडशीलाच गेला.

हे ऐकून शेजारच्या कमलबाई येऊन बसल्या.

"दुकानात चालतंय आन् घरात बंद पडतंय," त्या म्हणाल्या. "मग इकार मशिनीत हाय का घरात? म्या सांगू? महारुद्र भावजींचा जीव अडकलाय त्यात. पिंडाला कावळा किती येळानं शिवला, हाय का ध्यानात?"

"त्या कावळ्याचं पोट भरलं असंल," मी म्हटलं. "त्या दिवशी घाटावर आणखी दोघांची पिंडं होती."

"हसा. पुस्तकं वाचून वाचून तुमी असल्याच झालाव."

तेव्हा मी हसले. पण त्या गेल्यावर लावला आणि कळंबचं नाव पुरतं उच्चारायच्या आत विझला, तेव्हा मनात आलंच, ऐकू नको असं तर म्हणत नसतील? अर्पिता, तुला हे वाचून राग येईल. पण एकटं घर आणि त्यात बोलता बोलता गप्प होणारं माणूस. आपण काय काय मानायला लागतो, ते मी तुला सांगू शकत नाही.

इंद्रजित म्हणतो, फॉरमॅट मारू. कोरा करकरीत होईल. मी विचारलं, आतलं?

"आतलं जातंय, काकू. पण मशीन एकदम नवी हुती."

मी त्याच्यापुढं चहा ठेवला आणि म्हटलं, हा पी आणि जा.

तुझी आई


१७ फेब्रुवारी

चि. अर्पिता,

तू विचारतेस, दुकानात नीट चालत होता तेव्हाच आवाज पेनड्राइव्हवर का उतरवून घेतला नाही? कारण तसं उतरवता येतं हे मला ठाऊक नव्हतं, आणि इंद्रजितला आत काय आहे ते ठाऊक नव्हतं. मी त्याला "कागदपत्रं आहेत" असं सांगितलं होतं. भर बाजारात, गिऱ्हाइकांसमोर त्यांचा आवाज लागला असता, तर मी कुठं बघितलं असतं?

आता घरी करून बघितलं. कमलबाईंची सून निकिता तिचा पेनड्राइव्ह घेऊन आली. पडद्यावर एक हिरवा पट्टा पुढं सरकायला लागला. आम्ही दोघी दूध उतू जाताना बघावं तशा बघत होतो. पट्टा अर्ध्याला आला आणि सगळं काळं. नंतर पेनड्राइव्हवर नाव दिसतं, उघडत काही नाही. निकिता बिचारी माझीच माफी मागत होती.

परत कळंबला ने म्हणतेस. दोनदा निघाले आणि निघाले नाही. इंद्रजित म्हणतो, "तुमच्या परवानगीबगर न्हाय मारत फॉरमॅट." माणूस खोटा नाही. पण त्याची चांगलं करून द्यायची हौस मला माहीत आहे. घर सारवून देतो म्हणावं आणि भिंतीवरची नावं पुसून ठेवावीत, तशातला तो आहे.

आणि पुढं ओढून नुसता शेवट ऐक, असं लिहिलं आहेस. ते कसं करायचं तेही लिहिलंस, बाण कुठं ठेवायचा, कुठं दाबायचं. माझ्यानं होत नाही. शेवटचं पान आधी वाचणाऱ्यातली मी नाही. तुझे अण्णा तसे होते. लायब्ररीतलं पुस्तक मला आणून द्यायच्या आधी शेवट वाचायचे आणि आठवडाभर छळायचे, "सांगू का कोण मरतंय?"

तू एवढं सगळं विचारतेस. एक विचारत नाहीस, म्हणून मीच लिहिते.

त्या दिवशी तू बंगळुरूहून निघालीस, सोलापूर सोडलंस, हे मला कळलं होतं. अण्णांना बाहेर पडवीत ठेवलं होतं आणि मी आतल्या खोलीत होते. बायकांनी मला दोन्हीकडून धरलं होतं. पडायची भीती नव्हती मला, पण तसं धरायचं असतं. बाहेर तुझे चुलते आणि गावातली चार जाणती माणसं बोलत होती. दुपारनंतर पंचक लागतंय, त्याच्या आत उरकलं पाहिजे. कुणीतरी म्हणालं, "लेक वाटंत हाय." दुसरं कुणीतरी म्हणालं, "लेक यिऊन काय करणार? अग्नी थोडाच देणार हाय?" कोण ते मला कळलं नाही, असं मी तुला तेव्हा सांगितलं. कळलं होतं. सांगून त्या घरात तुझं आणखी एक दार बंद झालं असतं.

मला विचारायला कुणी आत आलं नाही. मी उठून बाहेर गेले असते, तर काय म्हटलं असतं? ते वाक्य मी अजून जुळवते आहे. जुळत नाही. एवढ्या पुस्तकांतून जमा केलेले शब्द आहेत माझ्याजवळ, पण त्या माणसांपुढं उभं राहून म्हणता येईल असं एक वाक्य होत नाही.

तू संध्याकाळी आलीस. "थोडं थांबता नाही आलं?" एवढंच म्हणालीस. राख सावडल्यावर गेलीस, ती गेलीस.

असो. काळ्या पडद्यावर ज्या दोन इंग्रजी ओळी येतात त्या सोबत पाठवते. मला वाचता येत नाहीत. गाड्यांच्या पाट्या बघून बघून मी मराठी वाचायला शिकले, इंग्रजी पाटी आपल्या स्टँडवरच्या कुठल्या गाडीला नव्हती. रांगोळीचे ठिपके बघून उतरवावी तशी एकेक रेघ बघून काढली आहे. मधे बंद पडला की परत लावून पुढचं अक्षर. काही उलटी झाली असली तर समजून घे.

कॉम्प्युटरचा फोटो पाठव म्हणतेस. निकिताला सांगते.

तुझी आई


६ मार्च

चि. अर्पिता,

पत्र मिळालं. ह्या वेळी वर "आई" असं लिहिलं आहेस.

आधी त्या दोन ओळींचं. त्या म्हणतात की मी फार गरम झालो आहे म्हणून बंद पडलो. म्हणजे दिवाळीपासून दर वेळी तो हेच सांगत होता, आणि आम्ही बटण दाबून पुढं जात होतो. मी तुझं पत्र घेऊन इंद्रजितला फोन केला. "व्हय काकू, तसं येतंय ते," म्हणाला, "पण समद्यांच्याच मशिनीत कायतरी येतच असतंय."

आता फोटोचं. मी निकिताला म्हटलं होतं, फक्त डबा घे. तिनं मागं सरकून सगळं टेबल घेतलं. तुला दिसायचं ते दिसलं. मी तुला जागा मोकळी आहे असं लिहिलं, ते खोटं होतं.

खंडेनवमीला अण्णा त्यांची शिट्टी, पाना, सायकल सगळं मांडून पूजा करायचे आणि कॉम्प्युटरला एक बोट टिळा लावायचे, आठवतं तुला? मागच्या दसऱ्याला मी एकटीनं मांडली. दुसऱ्या दिवशी उचलायची असते. मी शिट्टी उचलली, पाना उचलला. कॉम्प्युटरची पूजा उचलवली नाही. मग ती रोजची झाली. डब्यावर अण्णांचा फोटो. यात्रा कमिटीनं त्यांना दिलेली शाल डब्यावरून मागपर्यंत सोडलेली, धूळ जाऊ नये म्हणून. पुढं समई. बाजूच्या जाळीपाशी उदबत्ती, तिथं वारा लागत नाही म्हणून. समई लावल्याशिवाय मी तो सुरू करत नव्हते. दुकानात ह्यातलं काही नव्हतं, आणि दुकानात तो चालला. हे मी इतके दिवस बघत होते, आणि दोन्ही गोष्टी एकाशेजारी एक ठेवून पाहिल्या नाहीत.

तू लिहितेस, आतला पंखा हवा ओढतो आणि हवेत जे असेल ते ओढतो. हळद, कुंकू, उदबत्तीची राख, समईची काजळी. ती आत बसते, वर शाल, उष्णता बाहेर पडायला वाट नाही. "आई, तो गुदमरतोय." एवढं एकच वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. पत्र बाजूला ठेवलं आणि दळण आणायला गेले, गिरणीत उभी राहूनही तेच वाक्य.

उचल म्हणतेस. बरोबर आहे. पण ऐक.

ते गेल्यावर बायकांनी मला सगळं सांगितलं. बांगड्यांचं काय करायचं, जोडव्यांचं काय करायचं, हिरवी लुगडी कुणाला द्यायची. कुंकवाच्या करंड्याचं कुणी सांगितलं नाही. कपाळाला लावायचं नाही, हे कळलं. मग भरलेल्या करंड्याचं काय करायचं? टाकून द्यायचं का? कुठं? मी कुणाला विचारलं नाही, विचारायची गोष्ट नाही ती. दसऱ्याला मी त्यातलं चिमूटभर त्या डब्यावर वाहिलं आणि मला बरं वाटलं. मग रोज. निदान ते कुंकू त्यांच्याकडं जात होतं, असं मी धरून चालले.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी शाल काढायला उठले. एक टोक उचललं आणि परत सोडलं. समई विझवली, तर खोली अशी झाली की परत लावली. आज आठवा दिवस की दहावा, मोजलेलं नाही. कॉम्प्युटर सुरू केलेला नाही. पूजा आहे. म्हणजे मी त्यांचं ऐकतही नाही आणि त्यांना मोकळंही करत नाही. कुठलं धरावं ते मला कळत नाही, अर्पिता.

इंद्रजितला हे सगळं समोर दिसत होतं. मी विचारलं, बोलला का नाहीस रे? म्हणाला, "काकू, देवाम्होरचा दिवा हालवा, असं तुमाला कुठल्या तोंडानं म्हणू?"

पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात तू विचारलंस, शेवटी अण्णा काय म्हणतात. मला ठाऊक नाही. मी अजून तिथं पोचले नाही.

तुझी आई


२५ मार्च

चि. अर्पिता,

सोमवारी केलं.

देवघरात समई नेऊन ठेवली. शाल झटकली, घडी करून पेटीत ठेवली. फोटो भिंतीवर लावला, खिळा ठोकायला कमलबाईंच्या घरचा हातोडा आणला, त्यामुळं हातोड्यामागून कमलबाई आल्याच. करंडा फडताळात ठेवला आहे. त्याचं पुढं काय, ते नंतर बघीन.

तू लिहिलंस तसं आधी वायर काढली, डबा पुरता थंड होऊ दिला. मागचे स्क्रू काढले, बाजूचा पत्रा सरकवला. कमलबाईंनी उजेडाला बॅटरी धरली होती. आत बघितलं आणि म्हणाल्या, "अगं बया! ह्यो तर खंडोबाचा गाभारा!"

खरंच तसं होतं. पंख्याच्या पात्यांवर, खालच्या जाळीवर, कोपऱ्याकोपऱ्यात लालपिवळा थर बसला होता. तेलकट, घट्ट, बोटानं निघत नव्हता. जाळीच्या फटी पार बुजल्या होत्या. कमलबाई हसता हसता थांबल्या, कारण मी खाली बसले होते. अर्पिता, मी रोज सकाळी अंघोळ करून, ओल्या केसांनी, त्यांच्या नाकातोंडात हळद कोंबत होते.

"उठा," कमलबाई म्हणाल्या. "रडायचं ते घासता घासता रडा. म्या किती येळ बॅटरी धरू?"

मग पात्याला बोटानं धरून, फिरू न देता, दातांच्या जुन्या कोरड्या ब्रशनं घासलं. ओलं फडकं लावलं नाही. जाळीसाठी रंगाचा बारीक ब्रश वापरला. "मशीनचं हागणं-मुतणं काढल्यावानी बसलाव," कमलबाई म्हणाल्या, "पण लेकराचं करताना तरी आपुन कुठं वंगाळ मानतो?" कागदावर ओंजळभर निघालं. ते केरात टाकवेना. तुळशीत घातलं.

पत्रा सध्या बसवला नाही, तू म्हणालीस तसं उघडंच ठेवलं. वायर लावली, बटण दाबलं. इंग्रजी ओळी आल्या नाहीत. पंखा इतका हळू फिरत होता की मी वाकून बघितलं, फिरतोय ना. कमलबाई म्हणाल्या, "लावा आता," आणि मी लावत नाही असं बघून म्हणाल्या, "बरं, हातोडा न्हेते," आणि गेल्या. तेवढं त्यांना कळतं.

मी लावलं.

कळंब झालं. येडशी झालं. उस्मानाबाद म्हणाले, धाराशिव म्हणाले. बार्शी सुरू झाली. मी सवयीनं डोळे मिटले, पडदा काळा होतो तो मला बघवत नाही म्हणून. बार्शी पुरती झाली. "गाडी फलाट क्रमांक एकवर लागलेली आहे." मी डोळे उघडले. उजेड तसाच होता. आवाज चालूच होता. ते खोकले. खुर्ची करकरली. पाणी प्यायले, भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग त्यांनी श्वास घेतला, पुढचं बोलायला माणूस घेतं तसा.

आणि मी बंद केला.

वायर ओढली नाही. तू शिकवलंस तसा, बाण खालच्या कोपऱ्यात नेऊन, नीट. बाण दोनदा निसटला, तेवढ्यात ते एक शब्द बोलले असतील, तो मी ऐकला नाही, कानावर डावा हात घेतला होता. इतके महिने तो आपोआप बंद पडायचा आणि मी त्याला बोल लावायचे. आता तो बंद पडत नाही. परवा मलाच बंद करावा लागला.

तू विचारलंस, शेवटी अण्णा काय म्हणतात. मला ऐकता आलं असतं. ऐकून तुला लिहिता आलं असतं. नव्या गाडीचं नाव असेल, किंवा मला चहा टाकायला सांगितलं असेल, किंवा काहीच नसेल, उठून गेले असतील. ते काय आहे ते मला एकटीला आधी नको. मागच्या वेळी तू वाटेत होतीस आणि सगळं उरकून झालं. तेव्हा बाहेर पुष्कळ माणसं होती. ह्या वेळी घरात मी एकटी आहे. थांबायचं ठरवायला मला कुणाला विचारावं लागत नाही.

आवाज तुला पाठवूनही देता येईल, ते मला कळतं. निकिता परत पेनड्राइव्ह घेऊन येते म्हणाली. मी तिला सध्या नको म्हटलं आहे. तू पाठव म्हणालीस तर पाठवीन.

ये, असं मी लिहीत नाही. तुला रजा मिळेल का, मिळाली तर ह्या घराचा उंबरा ओलांडावासा वाटेल का, त्यात माझ्या हातात काही नाही. डबा जुना आहे, तू लिहिलंस की असे डबे साफ केले तरी कधी जातील सांगता येत नाही. त्यातही माझ्या हातात काही नाही. तोवर रोज वर एक सुती फडकं टाकते आणि सकाळी काढते. सुरू करत नाही.

हे सोमवारचं झालं. दुसऱ्या दिवशी मी तुझी गादी उन्हात टाकली.

आई